तिसऱ्या टेबलावरच्या चादरी

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या धुलाई विभागाच्या प्रमुख तीन चादरी काखेत घेऊन बेबीच्या घरी आल्या. मागोमाग कोच आला. त्याच्या हातात एक फॉर्म होता आणि फॉर्मचा शेवटचा रकाना कोरा होता.

दार वहिनीनं उघडलं. ती न्यायालयात लघुलेखिका होती. घरात चार माणसं एका टेबलाशी बसलेली दिसली की तिचा हात आपोआप वहीकडे जायचा. पाहुण्यांना बसवून तिनं आत हाक मारली, नवऱ्याच्या दवाखान्यात फोन केला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

पाव तासात सगळे जमले. आई टेबलाच्या टोकाला. दादा पांढरा कोट घालूनच आला. त्याचा दातांचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. आत्या त्याच दिवशी सकाळी त्याच रुग्णालयातून घरी सोडलेली, मनगटावरची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बेबी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं. तिच्या गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र होतं. ते तिनं दहा दिवस आंघोळीलाही काढलं नव्हतं, त्यामुळे फोटोतला चेहरा विरघळून फक्त केस उरले होते.

बेबी छत्तीस वर्षांची होती. शिकायला तिला वेळ लागायचा, वाचता येत नव्हतं, आणि मोजणं वीसला थांबायचं. वीस झाले की ती परत एकपासून सुरू करायची. विशेष मुलांची शाळा संपून अठरा वर्षं झाली होती. ती मेणबत्त्या बनवायला जायची ती कार्यशाळाही बंद पडली होती. मग एका संस्थेनं तिला खरी नोकरी शोधून देण्याचं ठरवलं. संस्थेची पद्धत अशी, की नोकरीच्या जागी एक कोच सोबत जातो, शेजारी बसून काम शिकवतो आणि मग दिवसागणिक एकेक पाऊल लांब सरकतो. पहिल्या भेटीत आत्यानं त्याला खेळ कुठला ते विचारलं होतं.

काम चादरींच्या घड्या घालण्याचं होतं. सकाळी आठ ते बारा, तळघरात, तिसरं टेबल. दहा दिवसांची चाचणी. पहिले सात दिवस कोच जवळपास, शेवटचे तीन दिवस तो नियमाप्रमाणे उपाहारगृहात. चाचणी त्या दुपारी बारा वाजता संपली होती.

धुलाईप्रमुखांनी चहा नाकारला आणि चादरी टेबलावर ठेवल्या. त्या पंचावन्नच्या, आवाज मशीनच्या वर चढवायची सवय झालेल्या बाई होत्या. घरातही त्या तशाच बोलत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. रुग्णालयातली चादर तीन पदरी घडीची असते. तशा वीस चादरी एका कप्प्यात बसतात. वॉर्डात चादरी मोजत नाहीत, कप्पे मोजतात. पहिले सात दिवस तिसऱ्या टेबलावरून एकही घडी चुकली नाही. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं माणूस मिळालं नव्हतं. सोमवारी मात्र काही घड्या चार पदरी निघाल्या. चार पदरी घडी जाड होते, कप्प्यात पंधराच मावतात. उरलेल्या पाच धुतलेल्या चादरी मळक्या कपड्यांच्या टोपलीत सापडल्या. मंगळवारी तोच प्रकार. शिवाय एका गठ्ठ्यात कोपरे जुळलेले नव्हते, आणि एक अख्खा कप्पा उभ्या चादरींनी भरलेला होता.

“उभ्या म्हणजे?” दादानं विचारलं.

“पुस्तकं ठेवतात तशा. घडीची बाजू बाहेर.”

आत्या निवृत्त ग्रंथपाल होती. ती खिडकीबाहेर बघू लागली.

“मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर पाच खाटांना चादर मिळाली नाही,” धुलाईप्रमुख म्हणाल्या. “पाच पेशंट दुपारपर्यंत नुसत्या गादीवर होते. त्यातल्या एक बाई फार बोलल्या म्हणे.”

ती बाई म्हणजे आत्याच. चक्कर येते म्हणून सोमवारी ती दाखल झाली होती. रक्तदाब, साखर, कान, सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही. डॉक्टरांनी चक्कर कधी येते विचारलं तेव्हा तिनं आठ ते बारा असं सांगितलं होतं.

कोचनं फॉर्म पुढे केला. अचूकतेचा रकाना भरायचा होता. सात दिवसांचे आणि बुधवारचे आकडे शंभर टक्के, सोमवार-मंगळवारचे कोणाच्या नावावर टाकायचे ते ठरवायचं होतं. या घड्या बेबीच्या असतील तर चाचणी नापास, आणि संस्थेच्या यादीत ती पुन्हा तळाला. यादीत दोनशे सहा माणसं होती. या घड्या दुसऱ्या कोणाच्या असतील तर तसं लेखी हवं, नावानिशी, उद्या सकाळी दहाच्या आत.

“या तिच्या नाहीत, हे मला दिसतंय,” धुलाईप्रमुख म्हणाल्या. “पण मला दिसतंय असा रकाना नाही.”

मग त्यांनी खुर्ची बेबीकडे वळवली. “बाई, या घड्या तुमच्या का?”

वहिनीची पेन्सिल क्षणभर थांबली. या घरात बेबीला कोणी बाई म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“नाही,” बेबी म्हणाली.

“मग कोणी घातल्या?”

बेबीनं कोचकडे पाहिलं. कोचनं छताकडे पाहिलं. सुचवायचं नाही, हा त्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा होता आणि तो त्यानं फार मनावर घेतला होता. बेबी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

त्यानंतरची वीस मिनिटं घरातल्या माणसांनी आपापसांत घालवली. आई आणि आत्या अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. वडिलांचं शिवणयंत्र आत्यानं परस्पर विकून टाकल्यापासून दोघी एका छताखाली राहून फक्त बेबीमार्फत बोलायच्या. घरातला सगळा पत्रव्यवहार तिच्या तोंडून चालायचा आणि त्यात ती एक शब्द इकडचा तिकडे करत नसे. या दहा दिवसांत ती सकाळी घरात नव्हती. त्यामुळे पाण्याची मोटर दोनदा जळली. मोटर बंद करायला सांगणारं कोणी नव्हतं.

आताही आत्या म्हणाली, “बेबी, आईला विचार, सोमवारी दहा वाजता कापडी पिशवी घेऊन ती रुग्णालयाच्या मागच्या दारानं आत कशाला गेली. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. वाटलं, मला भेटायला आली. मी केस विंचरून बसले.”

“बेबी, आत्याला सांग, मी पडदे बघायला गेले होते.”

“बेबी, आईला विचार, तळघरात कसले पडदे.”

बेबीनं दोन्ही निरोप पोचवले. दादानं मध्ये पडून सांगितलं की हे घरातलं झालं, बाहेरच्या माणसांसमोर नको. त्याचा रोख वेगळा होता. त्यानं शांतपणे मुद्दा मांडला. कोण गेलं, कोण नाही, यात आता शिरू नये. चूक झाली, होते. बेबीला त्रास झाला असेल. संस्था दुसरं काही बघेल, सोपं काही. पाकिटं चिकटवण्यासारखं.

आईला हे पटलं. अर्ध्या मिनिटात आत्यालाही पटलं. अकरा वर्षांत दोघी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या आणि ती बाजू चुकीची होती, असं वहिनीला वाटलं. तिनं वहीचं पान उलटलं.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “मंगळवारी दहा वाजता तुम्ही कुठे होता?”

“दवाखान्यात.”

“दवाखान्यात तुमचा पेशंट होता. तोंड उघडं ठेवून खुर्चीत, पाऊण तास. त्यानं इथे फोन केला. त्याला ओठ मिटता येत नव्हते, त्यामुळे काय म्हणतोय ते कळायला मला वेळ लागला. डॉक्टर कुठे गेले, असं विचारत होता.”

दादा कोटाचं बटण फिरवू लागला. रुग्णालयात पांढऱ्या कोटातल्या माणसाला कोणी अडवत नाही, हे त्याला मंगळवारी कळलं होतं. तो तळघरात गेला तेव्हा चहाची सुट्टी होती आणि टेबलाशी कोणी नव्हतं. समोर तीन पदरी घड्यांचा गठ्ठा. घरी लहानपणापासून चादर चार पदरी बघितलेली. त्याला वाटलं, बेबीनं सगळं चुकवलंय आणि थोड्या वेळात कोणीतरी येऊन तिला बोलणार. त्यानं हाताला लागतील तेवढ्या चादरी उघडून पुन्हा घातल्या. मोठ्या कपड्याची त्याला सवय नव्हती. वाटेत दोन परिचारिकांनी त्याला नमस्कार केला, एकीनं एका पेशंटबद्दल सल्ला विचारला आणि त्यानं तो दिला, हे त्यानं त्या दिवशी घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

आत्या साधारण दीड तासानं लिफ्टनं उतरली होती, सलाईनचा स्टँड सोबत ढकलत. तिला चार पदरी, तीन पदरी यांत काही म्हणायचं नव्हतं. चादरी आडव्या रचल्या तर खालची काढताना वरच्या पडतात, एवढंच तिचं म्हणणं होतं. चाळीस वर्षांत तिनं एकही पुस्तक आडवं राहू दिलं नव्हतं.

आईचं निराळं होतं. बेबी अकरा वर्षांची असताना शाळेनं सांगितलं, हिला घरात एक काम द्या. आईनं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या दिल्या. बेबी घालायची त्या तीन पदरी. घरातलं कपाट अरुंद, त्यात चार पदरीच बसायची. पोरीला वाईट वाटू नये म्हणून आई काही बोलली नाही. बेबी टीव्हीपुढे बसली की ती सगळ्या घड्या मोडायची, नव्यानं घालायची आणि कपाटात ठेवायची. पंचवीस वर्षं. हे फक्त दादाला आणि आत्याला माहीत होतं, आणि बेबीला कळू द्यायचं नाही यावर तिघांचं एकमत होतं. तळघरातल्या त्या टेबलाशी आई उभी राहिली तेव्हा तिनं काही ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप गेले, आणि कप्प्यात न मावलेल्या चादरी तिनं जवळ दिसलेल्या टोपलीत टाकल्या.

आता ती म्हणाली, “तिची घडी मोडते मी रोज, हे तिच्यासमोर लिहून द्यायचं? तिला काय वाटेल?”

तेवढ्यात धुलाईप्रमुखांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्या अर्ध्या उठल्या. वाद चालू असताना बेबीनं तिन्ही चादरी ओढून घेतल्या होत्या. नखानं दाबलेली, कोपरे न जुळलेली आणि उभी ठेवलेली, तिन्हींच्या तिनं व्यवस्थित तीन पदरी घड्या घालून एकावर एक ठेवल्या होत्या.

“बाई, तो पुरावा होता,” धुलाईप्रमुख म्हणाल्या.

“चुकीच्या होत्या,” बेबी म्हणाली.

कोचनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. दादानं खुर्चीत पाठ टेकवली. पुरावा गेला, म्हणजे विषय संपला, असं त्याचं गणित होतं. तो तसं बोलूनही दाखवणार होता. पण वहिनीनं वही मिटली आणि ती उठून बेबीच्या खुर्चीसमोर जाऊन बसली.

“बेबी, तुला माहीत होतं कोणी मोडल्या ते?”

“हो.”

“कसं?”

बेबीनं घड्यांकडे बोट केलं. आई नखानं दाबते. दादाला कोपरे जमत नाहीत. आत्या सगळं उभं करते, तिनं डब्यात चमचेपण उभे केलेत.

“आणि घरी? रोज आई परत घालते ते?”

“माहीत आहे ना. मी घालते, मग आई मोडते. ते आईचं काम आहे.” ती थांबली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला आवडलं नाही. “म्हणून मी हळूहळू टीव्ही बघते, आईचं होईपर्यंत.”

आईनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“मग सांगितलं का नाहीस?” वहिनीनं विचारलं. “मॅडमनी विचारलं तेव्हा?”

बेबीनं आवाज खाली आणला. धुलाईप्रमुखांना ऐकू जाऊ नये असा तिचा प्रयत्न होता. “आईला पण तिथे काम लागलं ना. नवीन आहे ती. सांगितलं असतं तर तिला काढलं असतं.”

धुलाईप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोच छताकडे बघत होता, पण आता त्याचं कारण प्रशिक्षण नव्हतं.

पुढे जबाब लिहिण्याचं काम सुरू झालं. त्याला एक तास पाच मिनिटं लागली. मजकूर वहिनी घेत होती. पहिल्या मसुद्यात आईनं ‘घड्या सुधारल्या’ असं सांगितलं. धुलाईप्रमुखांनी ते खोडायला लावलं. आईनं ‘बदलल्या’ सुचवलं. धुलाईप्रमुख म्हणाल्या की पाच माणसं नुसत्या गादीवर झोपली, त्याला बदल म्हणत नाहीत. दादाला आपल्या नावापुढची पदवी नको होती. धुलाईप्रमुखांना ती हवीच होती, कारण कोट तिच्यामुळेच होता. दादानं विचारलं, यावर आपल्यावर काही कारवाई होऊ शकते का. परिचारिकेला दिलेल्या सल्ल्याचा उल्लेख त्यानं तेव्हाच केला.

“सल्ला काय दिलात?” वहिनीनं विचारलं.

“कोमट पाण्यानं गुळण्या.”

“आजार काय होता?”

“ते विचारायचं राहिलं.”

धुलाईप्रमुखांनी माहिती पुरवली की दुसऱ्या मजल्यावर एका पेशंटच्या पायाला प्लास्टर असून मंगळवारपासून त्याला गुळण्या करायला लावताहेत. कारण कोणालाच माहीत नव्हतं. दादानं पदवी लिहायला होकार दिला.

आत्याची अडचण सर्वांत मोठी होती. चक्कर खोटी होती असं लिहिलं तर खाट अडवल्याचा ठपका येणार. खरी होती असं लिहिलं तर चक्कर येणारी बाई सलाईनचा स्टँड घेऊन तळघरात वीस चादरी उभ्या करते, हे पटणार नव्हतं. तिनं बराच वेळ विचार केला. शेवटी ती म्हणाली, “लिही, चक्कर खोटी. मी काही आता दुसऱ्यांदा दाखल व्हायची नाही. तिथे चादरी मिळत नाहीत.”

एकच शब्द उरला. वहिनीनं वाक्य वाचून दाखवलं आणि क्रियापदाशी थांबली. आई बेबीकडे बघत होती. बेबी तिसऱ्या चादरीची कड अंगठ्यानं सारखी करत होती. ती मुळात सारखीच होती.

“बिघडवल्या,” आई म्हणाली. “लिही. आम्ही घड्या बिघडवल्या.” मग ती टेबलापलीकडे वळली. “वन्सं, पेन तुमच्याकडे आहे.”

आत्यानं पेन दिलं. निरोप सांगायला तोंड उघडलेली बेबी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि तिनं तोंड मिटलं. तिघांनी सह्या केल्या. सहा वाजता धुलाईप्रमुख तिन्ही चादरी घेऊन निघाल्या. दाराशी त्यांनी बेबीचा हात हातात घेतला, पण काही वचन दिलं नाही. जबाब कार्यालयात जाईल, कार्यालयातून समितीकडे, आणि समिती काय ठरवेल ते त्यांच्या हातात नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी वहिनीनं जबाब रुग्णालयाच्या कार्यालयात दिला. तो कोणत्या नोंदवहीत घ्यायचा यावर तिथल्या कारकुनानं बराच खल केला. ही तक्रार नव्हती, अर्ज नव्हता, रजेचं पत्र नव्हतं. शेवटी त्यानं तो ‘इतर’मध्ये घेतला आणि पोच दिली. समितीत तीन जण होते. एक परगावी, एक रजेवर, आणि तिसरी व्यक्ती नेमायची राहिली होती. बैठकीची तारीख ठरलेली नव्हती.

बाहेर पडताना वहिनी फाटकाशी बेबीची चौकशी करायला थांबली. चाचणी बुधवारी संपली, गुरुवारी यायचं नाही, हे बेबीला कोणीही सांगितलेलं नव्हतं. कोचच्या फॉर्ममध्ये ते सांगण्याची ओळ नव्हती, आणि घरच्यांना वाटलं होतं, कोच सांगेल. बेबी रोजच्यासारखी पावणेआठला घरातून निघाली होती.

पहारेकऱ्यानं हकिगत सांगितली. त्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ओळखपत्रावर फोटोच्या जागी केस होते. त्यानं खाली धुलाई विभागात फोन लावला. तिथून सांगण्यात आलं की तिसऱ्या टेबलावर साडेतीनशे चादरी येऊन पडल्या आहेत, बाईंना ताबडतोब खाली पाठवा. यादीत नाव नसलेल्या माणसाला आत सोडायचा एकच मार्ग होता. त्यानं तिला अभ्यागतांच्या वहीत घेतलं. तो पास एका तासापुरता चालतो. नऊला ती वर आली, पास नवा करून घेतला आणि परत खाली गेली. दहालाही तिला वर यावं लागणार होतं.

वहिनीनं वही पाहायला मागितली. नाव, वेळ, नातं, सगळं त्याच्या हातानं लिहिलेलं होतं. कोणाला भेटायचं आहे, या रकान्यात त्यानं दोन्ही वेळा एकच शब्द लिहिला होता.

“तिनं सांगितलं तेच लिहिलं,” पहारेकरी म्हणाला. “चादरींना.”